लाल पट्टी गेली तेव्हा

लाल पट्टी गेली की पाणी चांगलं झालं असं समजायचं, हे आक्कांना मी सांगितलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच. एकतीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलं. प्रश्न शेवटपर्यंत वाचा, बारीक अक्षरातलं आधी वाचा, असं ओरडून ओरडून पोरांच्या पाठीत धपाटे घातले. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मोबाईलच्या पडद्यावरची एक बारीक ओळ मी वाचली नाही. त्याचा राग मला अजून येतो. माझा मला येतोच, पण ज्यांनी ती ओळ तिथं लिहायची वेळ आणली त्यांचा लई येतो. लोक म्हणतात, झालं ते झालं, आता कशाला उगाळता? का नाही उगाळायचं? ज्यांनी केलं ते पंख्याखाली बसलेत, आणि आमच्या आक्का भर उन्हात रस्त्यावर उभ्या राहून लोकांची माफी मागतायत.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आम्ही दोघी एकाच आवारात राहतो, चुली वेगळ्या आणि भांडणं एकत्र. मी बोलायला फटकळ, त्या माझ्याहून चार पावलं पुढं. त्यांना लिहायला-वाचायला येत नाही, पण त्यांच्यापुढं आवाज चढवायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. मला त्या कधी नावानं हाक मारत नाहीत, ‘मास्तरीण’ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं शेत आहे. गावाचं नाव सांगत नाही. कुंभारी आणि वळसंगच्या अधेमधे कुठंही समजा. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या अगदी कडेला, आक्कांची पाणपोई. चार मेढी, वर कडब्याचं छप्पर, खाली वाळूवर तीन रांजण, रांजणांना गुंडाळलेलं ओलं लाल फडकं आणि साखळीनं बांधलेलं एक ओगराळं. पाडव्याला सुरू व्हायची, मृगाला बंद. एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या मागावर जाणारी माणसं सकाळी सायकली थांबवून तिथं पाणी प्यायची आणि सुटी झाल्यावर परतताना पुन्हा. कुणी तेलुगूत बोलायचं, कुणी कानडीत, कुणी ‘भाभी, पानी मस्त है तुमारा’ म्हणून जायचं. आक्का सगळ्यांशी आपल्या मराठीतच बोलायच्या, आणि सगळ्यांना समजायचं.

ही पाणपोई कुठून आली, त्याला कारण आहे. आक्का नव्या सून होत्या तेव्हा काही वर्षं त्या स्वतः टॉवेलला शिलाई मारायच्या कामाला चालत जायच्या. एकदा वैशाखात परत येताना घशाला कोरड पडली म्हणून रस्त्यावरच्या एका घरी त्यांनी पाणी मागितलं. घरातली बाई म्हणाली, ‘नाही.’ हंडा दारातच होता, भरलेला. आक्का पुढं दोन शेतं चालून एका झाडाखाली चक्कर येऊन बसल्या. ही गोष्ट त्यांनी मला शंभर वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी तो भरलेला हंडा कसा दिसत होता ते सांगायच्या. शेत वाटणीला आलं त्या वर्षी त्यांनी पहिला रांजण मांडला. पाण्याला कुणाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा एकच नेम. उपासतापास केले नाहीत त्यांनी, हे मात्र पाळलं.

आणखी एक रीत होती. रांजण भरले की पहिला पेला त्या स्वतः प्यायच्या, रस्त्याकडं तोंड करून, उभ्यानं. पाजणाऱ्यानं आधी प्यावं, मग दुसऱ्याला द्यावं, असं त्यांच्या माहेरी होतं म्हणे. सायकलवाले थांबून बघायचे, हसायचे. आक्का पदरानं तोंड पुसून ‘या आता’ म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी पाडव्याच्या आधी शहरातून काही तरुण मंडळी आली. गावोगावच्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी बाटल्यांत भरून नेत होती, तपासून वेबसाइटवर टाकत होती. आमच्या विहिरीचंही नेलं. आक्कांनी त्यांना गूळ-शेंगदाणे दिले आणि वर म्हणाल्या, आमचं पानी काय तपासताय, दूध हाय दूध. पंधरा दिवसांनी मी गावाचं नाव मोबाईलवर टाकलं, तर पहिल्यालाच त्या मंडळींचं पान आलं. प्रत्येक गावापुढं एक पट्टी: हिरवी, पिवळी नाहीतर लाल. आमची लाल. खाली लिहिलं होतं की नायट्रेट फार आहे, उकळूनही जात नाही. गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना हे पाणी मुळीच देऊ नये, आणि इतरांनीही रोजचं म्हणून पिऊ नये. ते कशानं झालं, कुठून झिरपलं, ते लिहिलेलं नव्हतं. मला ते अजूनही माहीत नाही, कारण ज्यांनी शोधायचं त्यांनी दुसरीच गोष्ट शोधून काढली. ते पुढं येईलच.

आक्कांना सांगायचं कसं, याचीच मला धास्ती. त्यांनी ऐकून घेतलं आणि आधी हसल्याच. म्हणाल्या, लाल तर माझ्या रांजणाला पण हाय की. मग मी गरोदर बायांचं वाचून दाखवलं. संध्याकाळी मी शेतात गेले तर तिन्ही रांजण वाळूवर पालथे घातलेले, आणि लाल फडकं धुऊन बांधावर वाळत घातलेलं.

तो उन्हाळा आमच्या घराला फार वाईट गेला. माणसं सवयीनं थांबायची, पालथे रांजण बघायची आणि परत सायकलवर बसायची. घरात प्यायला आम्ही जार आणू लागलो. आक्कांनी चार दिवस जारचं पाणी रांजणात ओतून बघितलं, पण सकाळी नऊच्या आत खडखडाट. एवढ्या माणसांना विकतच्या पाण्यावर कोण पुरं पडणार? ग्रामपंचायतीत अर्ज दिला, वर तालुक्याला दिला, त्याच्या वर आणखी कुठं कुठं दिला. सगळीकडून उत्तर एकच: बघू. मी अर्जाला वेबसाइटवरच्या पानाचा उल्लेख जोडला होता. तेवढं मात्र कुणीतरी अगदी नीट वाचलं, असं आता वाटतं.

आक्का मला रोज विचारायच्या, ‘गेलं का गं ते लाल?’ रोज रोज कोण बघत बसणार? मी कंटाळले, आणि त्या कंटाळ्यात मी शहाणपणा केला. त्यांना त्यांच्या मोबाईलवर बोलून शोधायला शिकवलं. माईकचं चित्र दाबायचं आणि गावाचं नाव, मग ‘पाणी’ असं म्हणायचं. वाचता येत नाही तर नसू दे, रंग कळायला शाळा लागत नाही. मी म्हटलं, लाल दिसतंय तोवर थांबायचं, लाल गेलं की पाणी सुधारलं समजायचं. अगदी वर्गात शिकवल्यासारखं दोनदा वदवून घेतलं त्यांच्याकडून. त्यांनी ते आणखी चार-पाच बायांना शिकवलं. गल्लीत रोज सकाळी बाया मोबाईल तोंडापाशी धरून गावाचं नाव घ्यायच्या, लाल बघायच्या आणि कामाला लागायच्या. वेबसाइटचा पत्ता कुणाला पाठ होता? मलाही नव्हता. गावाचं नाव घेतलं की ते पान यायचं, मग पत्ता कशाला लागतोय.

पुढच्या वर्षी पाडव्याला आठेक दिवस असतील. आक्का धावत माझ्या स्वयंपाकघरात आल्या. धावत म्हणजे खरंच धावत; गुडघे दुखतात म्हणून वर्षभर कण्हणारी बाई. मोबाईल माझ्या नाकाशी धरून म्हणाल्या, ‘मास्तरीण, बग, लाल गेलं. हिरवं आलं.’

मी कणकेचे हात पुसून बघितलं. खरंच, लाल पट्टीचं पान नव्हतं. त्याच्या जागी पहिल्यालाच सरकारी पान, हिरवंगार, त्यावर डोक्यावर घागर घेतलेली एक बाई हसतेय, आणि आमच्या गावाच्या नावापुढं ‘काम पूर्ण’. मी माझ्या मोबाईलवरही बघितलं. तेच. खाली सरकवत गेले, दुसरी पानं बघितली, लाल कुठंच नाही. अगदी तळाशी करड्या अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती. ती मला दिसली, हे मी आज कबूल करते. असतात तशा ओळी, कंपनीच्या काहीतरी, म्हणून मी ती सोडली. इंग्रजी वाचता येतं मला. पण आनंदाच्या भरात बारीक अक्षरं कोण वाचतंय?

त्या दिवशी आक्कांनी गल्लीत गूळ वाटला. ‘काम पूर्ण’ म्हणजे काय, तर रस्त्यानं नळाचे पाइप पुरले होते, त्यांना पाणी यायचं अजून बाकी होतं. ते आम्हाला पुढं कळलं. त्या वेळी आमच्या डोक्यात आमचा नियम पक्का होता: लाल गेलं म्हणजे सुधारलं. आता कुणी शहरातला हुशार म्हणेल, असा कसा भाबडेपणा? मग मी त्याला विचारते, दवाखान्याच्या कागदावरचं दुखणं कुणी खोडलं तर पेशंट बरा झाला असं तो समजेल, की कुणी रात्रीतून खोडरबर फिरवला असं समजेल? सरकार पाण्याऐवजी पाण्याची बातमी काढून टाकेल, असं साध्या माणसाच्या मनात तरी येतं का?

पाडव्याला रांजण पुन्हा मांडले. नवीन लाल फडकं आणलं. आक्का पहिला पेला प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि रस्त्याकडं बघून ‘या आता’ म्हणाल्या. ते शब्द ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

त्या उन्हाळ्यात एक पोरसवदा बाई रोज यायची. टॉवेलच्या शिलाईला जात होती, दिवस गेलेले, सहावा-सातवा असावा. कानडी बोलणारी, मराठी मोडकंतोडकं. बाकीच्यांना आक्का ओगराळ्यानं ओंजळीत पाणी ओतायच्या, हिला मात्र घरून आणलेला स्वच्छ पेला वेगळा ठेवलेला. भरपूर पी, पोटातलं बी पितंय, असं म्हणून तिला दोन-दोन पेले पाजायच्या. ती लाजून प्यायची. तिचं नाव आक्कांनी विचारलं नाही, कारण पाणपोईवर नाव विचारायचं नसतं, हीही त्यांचीच रीत.

आक्कांचा थोरला मस्कतला एसी दुरुस्तीचं काम करतो. वैशाखातल्या एका रविवारी त्याच्याशी बोलताना आक्कांनी त्याला सगळं सांगितलं. लाल गेलं, हिरवं आलं, पाणपोई परत चालू झाली. तो खूश झाला. फोन ठेवला आणि त्यानंही आपल्या मोबाईलवर गावाचं नाव घेतलं, आईचं हिरवं बघावं म्हणून. अर्ध्या तासात त्याचा मला फोन. आवाज चढलेला. म्हणाला, ‘काकू, आईला कुणी सांगितलं पाणी सुधारलं म्हणून? हितं तर लालच हाय.’

मी म्हटलं, तू जुनं बघत असशील. त्यानं पडद्याचा फोटो पाठवला. तेच पान, तीच पट्टी, लाल, आणि खाली नव्यानं तपासल्याची नोंदही होती. आकडा पहिल्यापेक्षा वाढलेला. मी माझ्या मोबाईलवर बघितलं: नाही. परत त्याचा फोटो: आहे. एकच गाव, एकच विहीर, मस्कतमध्ये पाणी वाईट आणि विहिरीच्या काठावर पाणी चांगलं. मग मला ती ओळ आठवली. तळाशी गेले, चष्मा लावला आणि वाचली. कायदेशीर मागणी आल्यामुळे इथले काही निकाल काढून टाकले आहेत, असं लिहिलं होतं. बस, एवढंच. कुणी मागणी केली, का केली, काय काढलं, काही नाही. तिकडून पोरानं पत्ता पाठवला, तो टाकून बघितला, तर हे पान तुमच्या भागात उपलब्ध नाही म्हणे. ज्यांची विहीर त्यांच्याच भागात नाही!

मला आधी रडू आलं नाही, संताप आला. बाई म्हणून, मास्तरीण म्हणून, कुणीही माणूस म्हणून इतकी फसवणूक मी कधी सोसली नव्हती. विहिरीपर्यंत चालत जाता जाता मी आक्कांना काय सांगायचं ते जुळवत होते आणि एकही वाक्य जुळत नव्हतं.

शेवटी सरळ सांगितलं. आक्का रांजणावरचं फडकं ओलं करत होत्या. त्यांनी ऐकलं, फडकं हातातच राहिलं. मला वाटलं, मला शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, ‘त्या पोरीला मी आपल्या हातानं पाजलं गं.’ मग एकटीनं एक-एक रांजण तिरका करून त्यांनी पाणी सोडलं. मी हात लावायला गेले तर नको म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळी लवकरच रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. जो थांबेल त्याला सांगायच्या, मी तुमाला खराब पानी पाजलं, मला ठाव नव्हतं, माफ करा. मागावरची माणसं कावरीबावरी व्हायची. एक म्हातारा मुसलमान कामगार, वर्षानुवर्षं थांबणारा, त्यानं सायकल खाली टाकली आणि ‘भाभी, तुम क्यूं माफी मांगते?’ म्हणून त्यांच्यापुढं हात जोडले. बायांना त्या एकच विचारायच्या, ती कानडी पोर कुटं हाय? कळलं की ती बाळंतपणाला माहेरी गेली, सीमेपलीकडं, कर्नाटकात. गाव कुणाला सांगता येईना. नाव आता बायांकडून कळलं, पण त्या नावाच्या शिलाईला तीन बाया.

मी सोलापूरला कचेरीत गेले. एक नाही, तीन कचेऱ्या झाल्या. कोणती ते लिहीत नाही, कारण सगळीकडं तेच ऐकायला मिळालं. पहिल्यांनी दुसऱ्यांकडं पाठवलं, दुसऱ्यांनी तिसऱ्यांकडं. तिसऱ्या ठिकाणी एक साहेब भेटले, वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे, बोलायला गोड. त्यांनी फोन लावला, कुणाशी तरी बोलले, आणि मला समजावून सांगितलं. त्या वेबसाइटवाल्यांची तपासणी मान्यताप्राप्त नव्हती. अशा आकड्यांनी लोकांत घबराट होते. म्हणून वरून आदेश निघाला. मी म्हटलं, ठीक आहे, त्यांचे आकडे मान्य नाहीत, मग तुमचे दाखवा. ते म्हणाले, प्रक्रिया सुरू आहे. मी म्हटलं, आदेश दाखवा. तो गोपनीय आहे. ज्या मुलांनी तपासलं त्यांना तरी कळवलं का? त्यावर ते नुसते हसले.

मग मी विचारलं, ‘लाल पट्टी काढली, पण पाणी बदललं का?’

‘पाण्याचा विषय वेगळा आहे, मॅडम,’ ते म्हणाले.

हल्याला दुखणं आणि पखालीला इंजेक्शन, हे मी आजवर हसून ऐकलं होतं. त्या खुर्चीवर बसून ते मला नीट समजलं. फरक इतकाच की इथं पखालीला इंजेक्शनही नव्हतं, पखालच उचलून लपवली होती. घबराट होते म्हणे! घबराट झाली होती म्हणूनच तर आमचं गाव एक उन्हाळा वाचलं होतं. घाबरलेली आक्का रांजण पालथे घालते. न घाबरलेली आक्का पोटुशीला दोन पेले पाजते. एवढं साधं गणित तिसरीतल्या पोरालाही सुटेल, पण साहेबांना ते सोडवायचंच नव्हतं. त्यांनी मला जाताना चहा विचारला. मी नको म्हटलं आणि जिन्यावर बसून मग रडले.

घरी आल्यावर मी आक्कांना म्हटलं, पडद्यावरचं पुसलं ना त्यांनी, आता आपण भिंतीवर लिहू. पाणपोईच्या मागं आमच्या विहिरीवरच्या मोटारीची खोली आहे, रस्त्याकडं तोंड करून. मी लाल ऑइलपेंट आणला आणि शाळेच्या फळ्यावर लिहायचे तशा ठळक अक्षरात लिहिलं: ‘या विहिरीचे पाणी पिऊ नका. गरोदर बायका व लहान मुलांना देऊ नका.’ खाली आकडा, पोरानं पाठवलेल्या फोटोवरून. तेलुगू मला येत नाही, कानडी मोडकी येते. कानडीतली ओळ गावातल्या एका दुकानदाराकडून लिहून घेतली. वाचता न येणाऱ्यांसाठी आक्कांनी एक पालथा रांजण भिंतीजवळ ठेवला. घरून त्या रोज जारच्या पाण्याची एक कळशी आणायच्या आणि बायांनाच द्यायच्या, संपेपर्यंत.

बारा-तेरा दिवस ती अक्षरं राहिली. मग एका दुपारी मोटरसायकलवरून एक माणूस आला, पंचायतीनं पाठवलेला. खाली मान घालून म्हणाला, वरून सांगितलंय, भिंतीवरची अफवा पुसा. त्याच्याकडं चुन्याची पिशवी, एक बादली आणि ब्रश होता. मी त्याच्याशी भांडायला पुढं झाले. अफवा कुणाला म्हणतोस, कागद दाखव, सही दाखव, असं सगळं तोंडात आलेलं. आक्कांनी माझा हात धरला. म्हणाल्या, त्याला पोटासाठी पाठवलाय, त्याच्यावर कशाला डाफरतीस. मग आम्ही दोघी मेढीपाशी बसून बघत राहिलो.

त्यानं आमच्याच विहिरीतून पाणी काढलं, चुना कालवला आणि भिंत रंगवायला घेतली. ऊन असं की रस्ता हलताना दिसत होता. लाल रंग एका हाताला दबेना, चुन्यातून गुलाबी वर येत राहिला. दुसरा हात, तिसरा हात. तासाभरात तो घामानं निथळला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत आमच्याकडं आला आणि म्हणाला, ‘आजी, जरा पाणी द्या की.’

कळशी सकाळी दहालाच संपलेली. विहीर पन्नास पावलांवर. मी आक्कांकडं बघितलं. आयुष्यभर ज्या बाईनं पाण्याला कुणाला नाही म्हटलं नव्हतं, तिचा हात सवयीनं ओगराळ्याकडं गेला. मग तिथंच थांबला.

‘न्हाय,’ आक्का म्हणाल्या. ‘हे पानी मी कुणालाच देत न्हाय बाबा. तुला बी न्हाय. तुज्या बी घरी लेकरं असतील.’

तो भरलेला हंडा, ते दार, ‘नाही’ म्हणणारी ती बाई, सगळं मला माहीत होतं, म्हणून मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. एवढ्या वर्षांचा नेम त्यांच्याकडून मोडवून घेतला, तेही कोणत्या तरी गोपनीय कागदावर सही करून. त्या कागदावर ज्यानं सही केली त्यानं आक्कांना कधी पाहिलं नाही, विहीर पाहिली नाही, ती कानडी पोर पाहिली नाही.

तो माणूस उभाच राहिला. त्यानं भिंतीकडं बघितलं, तिथं आता काहीच लिहिलेलं नव्हतं. मग विहिरीकडं बघितलं. बादली तिथंच होती, निम्मी भरलेली, आणि आम्ही काही त्याला अडवलं नसतं. तो बादलीपाशी गेला, वाकला, आणि सगळं पाणी त्यानं बांधावर ओतून दिलं. ब्रश पिशवीत टाकला. आक्कांपुढं येऊन हात जोडले आणि तसाच, न पिता, कोरड्या घशानं गाडीवर बसून गेला.